अस्सलबरहुकूम नक्कल आणि पानाची सीमा

छापील ग्रंथाचे अथवा टंकलिखित दस्तऐवजाचे संगणकावर निव्वळ अक्षरांत, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणतात त्या साध्या मजकुरात, रूपांतर करताना मुळातले काय काय हातचे जाते याची यादी कोणी करू लागला, तर ठळक व तिरपी अक्षरे, कोष्टकांच्या रेघा, समासाची रुंदी, चित्रे आणि नकाशे ही त्याला चटकन आठवतील. परंतु कोणते पान कोठे संपले आणि पुढचे कोठे सुरू झाले, ही गोष्ट त्या यादीत बहुधा शेवटी येईल, किंवा येणारही नाही. पान ही कागदाची सोय, मजकुराचा तिच्याशी संबंध काय, असा एक समज या कामात रूढ झालेला दिसतो, आणि तो वरवर पाहता इतका वाजवी वाटतो की त्याची फेरतपासणी करण्याची गरज कोणास भासत नाही. प्रस्तुत प्रकरणात ती करावयाची आहे. माझे म्हणणे असे की पानाची सीमा हा मजकुराचा पत्ता आहे, आणि ज्या नकलेतून हा पत्ता पुसला गेला तिला अस्सलबरहुकूम म्हणता येत नाही, मग तिच्यातील अक्षर न् अक्षर बरोबर का असेना.

संगणकाच्या आरंभीच्या पिढीला पानाचे महत्त्व सांगावे लागत नव्हते, कारण त्या काळी यंत्राने काढलेले उत्तर पडद्यावर न येता कागदावर उमटत असे. आयबीएम कंपनीने १९५९ साली बाजारात आणलेला १४०३ हा प्रिंटर घडीच्या अखंड कागदावर मिनिटाला सहाशे ओळी छापीत असे. या कागदाला ठरावीक अंतरावर फाडण्यासाठी छिद्रांची रेघ असे, आणि अकरा इंच उंचीच्या पानावर इंचाला सहा या प्रमाणाने सहासष्ट ओळी मावत. आता नुसत्या ओळी मोजून पाने सांभाळावयाची म्हटली, तर कोठेतरी एक ओळ अधिक पडली की त्यापुढील प्रत्येक पान एका ओळीने सरकणार, आणि अशा चुका साचत गेल्या म्हणजे शेवटी अक्षरे थेट फाडण्याच्या रेघेवर येऊन पडणार. म्हणून त्या यंत्रात कागदाबरोबर फिरणारी एक छोटी पट्टी बसविलेली असे. तिच्या पहिल्या रांगेतील छिद्राचा अर्थ पानाचा माथा असा मुक्रर केलेला होता, आणि ‘नवे पान’ असा हुकूम सुटला की ते छिद्र येईपर्यंत यंत्र कागद पुढे ओढीत राही. फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमातून हा हुकूम द्यावयाचा तर ओळीच्या आरंभी एकचा आकडा लिहावा लागे. तो आकडा छापला जात नसे, तो केवळ यंत्राला उद्देशून असे.

पुढे १९६३ साली अमेरिकेत अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांचे जे प्रमाणीकरण झाले, आणि ज्याला आपण ‘आस्की’ या नावाने ओळखतो, त्यात या हुकुमाला स्वतंत्र स्थान मिळाले. बारा क्रमांकाचे ते चिन्ह म्हणजे ‘फॉर्म फीड’. युनिकोडनेही ते त्याच क्रमांकावर जसेच्या तसे ठेवले आहे, त्यामुळे देवनागरी मजकुरातही ते निर्वेधपणे घालता येते. हे चिन्ह कोणतीही आकृती उमटवीत नाही. मजकुराच्या प्रवाहात राहून ‘येथे पान संपले’ एवढेच ते सांगते. म्हणजे साध्या मजकुरात पानाची सीमा राखण्याची सोय नाही अशी जी सबब सांगितली जाते ती मुळातच लटकी आहे. सोय साठ वर्षांपूर्वीच झालेली आहे. प्रश्न ती वापरण्याचा आणि वापरलेली पुसून न टाकण्याचा आहे.

ती सोय काटेकोरपणे वापरल्याचे एक नामांकित उदाहरण म्हणजे इंटरनेटच्या घडणीचे नियम ज्या दस्तऐवजांतून प्रसिद्ध होत आले ती ‘आरएफसी’ नावाची मालिका. १९६९ च्या एप्रिल महिन्यात तिचा पहिला अंक निघाला. १९९७ साली लेखकांसाठी ज्या सूचना प्रसिद्ध झाल्या त्यांत एका ओळीत बहात्तरांहून अधिक अक्षरे नसावीत, एका पानावर अठ्ठावन्नांहून अधिक ओळी नसाव्यात, आणि पानाच्या शेवटी स्वतंत्र ओळीवर फॉर्म फीड असावे, असे स्पष्ट कलम होते. पुढे २०१६ साली या मालिकेचे स्वरूप बदलण्याचे ठरले, २०१९ पासून नवे अंक पानांवाचून अखंड मजकुराच्या रूपात निघू लागले, आणि हे पाहून काहींना वाटले की पानाचा जमाना आता संपला. हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या मालिकेतील प्रत्येक दस्तऐवज क्रमांकित कलमांत आणि पोटकलमांत विभागलेला असतो, आणि हवाला देणारा मनुष्य कलमाचाच आकडा सांगतो. तेथे मजकुराला पानाहून अधिक टिकाऊ असा स्वतःचा पत्ता आहे, म्हणून पान सोडून देणे परवडले.

असाच स्वतःचा पत्ता आपल्याकडील ओवीबद्ध ग्रंथांनाही आहे: ज्ञानेश्वरीचा दाखला द्यावयाचा तर अध्याय आणि ओवी सांगितली की बहुधा पुरे होते, मग हाती कोणाचीही प्रत असो. ज्या ग्रंथांना असा अंगभूत पत्ता नव्हता त्यांच्या बाबतीत विद्वानांनी पानालाच पत्त्याचा मान दिला. आंरी एतिएन याने १५७८ साली जिनीव्हात छापलेल्या प्लेटोच्या ग्रंथसंग्रहाचे पृष्ठांक, आणि इमानुएल बेकर याने संपादिलेल्या, १८३१ पासून बर्लिनच्या अकादमीने प्रसिद्ध केलेल्या ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांचे पृष्ठांक आजही जगातील अनेक भाषांतील भाषांतरांच्या समासात छापलेले आढळतात. मूळ कागद काही ग्रंथालयांत उरला असेल. त्याची पाने मात्र सर्वत्र चालू आहेत. आपल्याकडील इतिहासग्रंथ, चरित्रे, निबंधसंग्रह, कादंबऱ्या हे सारे गद्य याच वर्गात मोडते, कारण त्यात ओव्या नाहीत आणि कलमेही नाहीत.

पानाच्या सीमा पुसल्या गेल्यावर नेमके काय होते हे एखाद्या जुन्या मराठी ग्रंथाच्या नकलेवरून पाहावे. अशा ग्रंथात तळटिपांसाठी बहुधा फुली किंवा कट्यारीसारखी खूण वापरलेली असते आणि ती प्रत्येक पानावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पाने एकमेकांत मिसळली की एकाच प्रकरणात तीसचाळीस फुल्या आणि तितक्याच टिपा उरतात, आणि कोणती टीप कोणत्या फुलीची हे अनुमानाने ठरवावे लागते. ग्रंथाच्या अखेरीस नामसूची असते. तीत विशेषनामापुढे पृष्ठांक दिलेले असतात, आणि ते पृष्ठांक जेथे पोहोचवितात ती स्थळेच नकलेत नसल्यामुळे संपादकाने वर्षानुवर्षे खपून केलेली ती सूची निरर्थक आकड्यांची रास होऊन बसते. सर्वांत शोचनीय गत शुद्धिपत्राची. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने असलेले ते पत्र म्हणजे छपाई पूर्ण झाल्यावर ग्रंथकाराने वाचकाशी केलेला शेवटचा प्रामाणिक व्यवहार. पृष्ठ नाही आणि ओळही नाही अशा नकलेत त्याचा अंमल करावयाचा तरी कसा? चुका ज्यांच्या त्यांच्या जागी कायम राहतात आणि दुरुस्त्या शेवटी निराळ्या पडून राहतात.

पानाच्या या सीमेवरून केवढे वाद माजू शकतात हे पाहावयाचे तर अमेरिकेतील न्यायनिर्णयांच्या प्रकाशनाकडे वळावे. तेथील वकील निर्णयाचा दाखला देताना ज्या वृत्तसंग्रहात तो छापला गेला त्याचा खंड आणि पान सांगतात, आणि हे संग्रह मुख्यतः वेस्ट या कंपनीचे. ‘लेक्सिस’ नावाची सेवा १९७३ पासून हेच निर्णय संगणकावर साध्या मजकुराच्या रूपात पुरवीत होती. परंतु वकिलाला न्यायालयासमोर जे पान सांगावयाचे ते तीत दिसत नसल्यामुळे त्याला अखेर छापील खंड उघडावाच लागे. त्यावर १९८५ साली लेक्सिसच्या चालकांनी असे जाहीर केले की वेस्टच्या संग्रहात जेथे जेथे पान बदलते तेथे तेथे मजकुराच्या मधोमध एक तारका आणि नव्या पानाचा आकडा घालण्यात येईल. ही रीत जुनीच होती. ब्लॅकस्टनच्या कायदेविषयक ग्रंथाच्या एकोणिसाव्या शतकातील आवृत्त्यांत मूळ पृष्ठांक असेच तारकेने दाखवीत. तरीही वेस्टने फिर्याद ठोकली, १९८६ साली अपील न्यायालयाने वेस्टच्या बाजूने मनाईहुकूम कायम केला, आणि नंतर उभयपक्षी तडजोड होऊन परवान्याचा व्यवहार ठरला. मात्र १९९८ साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने, मॅथ्यू बेंडर या प्रकाशनसंस्थेच्या दाव्यात, नेमका उलटा निर्णय दिला: पान कोठे संपावे हे काही प्रतिभेचे काम नव्हे, ते यांत्रिकपणे ठरते, म्हणून त्या सीमा नोंदविण्याने कोणाच्या स्वामित्वहक्काचा भंग होत नाही. एका तारकेसाठी आणि एका आकड्यासाठी मातब्बर संस्था इतकी वर्षे झगडल्या, यावरून त्या खुणेची किंमत काय ते दिसून येते. मला दुसरा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचे एक कारण असे की सार्वजनिक न्यायनिर्णयाचा पत्ता खासगी कुलुपात असू नये.

आपल्याकडेही वकिलांचा व्यवहार दीर्घकाळ असाच चालत आला. नागपूरच्या, १९१४ पासून चालू असलेल्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ या संग्रहाचा दाखला साल, न्यायालय आणि पृष्ठांक या तिहींनी मिळून होतो. केशवानंद भारती यांच्या सुप्रसिद्ध निर्णयाचा १९७३ सालातील १४६१ हा आकडा म्हणजे निर्णय ज्या पानावर सुरू झाला ते पान होय. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत वृत्तसंग्रहात तर प्रत्येक पानाच्या समासात ‘ए’ पासून ‘एच’ पर्यंत अक्षरे छापून पानाच्या आतलीही जागा निश्चित केलेली असते. २०२३ पासून त्या न्यायालयाने प्रत्येक निर्णयाला कोणत्याही प्रकाशकावर अवलंबून नसलेला क्रमांक देण्यास प्रारंभ केला आहे, आणि त्याच्या जोडीला परिच्छेदांचे क्रमांक आले की पानावरचा भार हलका होतो. परंतु त्यापूर्वीच्या निर्णयांतील आणि ग्रंथांतील असंख्य हवाले पृष्ठांकांनीच दिलेले आहेत, आणि ते तसेच राहणार.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. मूळ दस्तऐवज पीडीएफ असेल तर पानाची सीमा निःसंशय असते, कारण त्या स्वरूपात पान हेच मूळ घटक आहे. ‘पीडीएफटूटेक्स्ट’ हा बहुवापरातला कार्यक्रम प्रत्येक पानाच्या अखेरीस आपण होऊन फॉर्म फीड घालतो, आणि ते नको असेल तर वापरणाऱ्याला मुद्दाम तसे सांगावे लागते. छापील पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारा ‘टेसरॅक्ट’ हा कार्यक्रमही, जो मराठी वाचतो, पानांच्या शेवटी हेच चिन्ह ठेवतो. वर्डच्या फाइलीची गोष्ट निराळी. तीत लेखकाने हाताने घातलेला पेज ब्रेक तेवढा खात्रीचा असतो; आपोआप पडणारी पाने टंक, कागदाचा आकार आणि समास यांवर अवलंबून असतात, त्यामुळे एकच मराठी मसुदा एका कचेरीत ‘मंगल’ टंकात आठ पानांचा आणि दुसरीकडे दुसऱ्या टंकात नऊ पानांचा होऊ शकतो. म्हणून ज्या यंत्रावर तो दस्तऐवज अंतिम झाला तेथेच त्याची पीडीएफ काढावी आणि मग तिच्यावरून मजकूर घ्यावा.

बहुतेक वेळा सीमा या पहिल्या पायरीवर नाहीशी होत नाही. ती नंतरच्या साफसफाईत जाते. पायथन भाषेत, आणि इतरही अनेक भाषांत, फॉर्म फीडची गणना रिकाम्या जागेत होते. कडेच्या मोकळ्या जागा छाटा, किंवा अनेक मोकळ्या जागांची एक करा, असा निरुपद्रवी भासणारा हुकूम दिला की शेकडो पानांच्या सीमा एका क्षणात नष्ट होतात आणि काही बिघडल्याची सूचनाही मिळत नाही. कोरे पान म्हणजे लागोपाठची दोन फॉर्म फीड; त्यांतले एक गेले की पुढील सर्व पाने एकाने चुकतात. याहून कठीण प्रसंग ‘एक्सएमएल’ स्वरूपात ठेवताना येतो, कारण त्या स्वरूपाच्या १९९८ च्या मूळ आवृत्तीत हे चिन्ह मुळी निषिद्धच आहे. ते एकदा जरी आत राहिले तरी सबंध फाइल अग्राह्य ठरते, आणि वैतागलेला मनुष्य ती सगळी चिन्हे काढून टाकून मोकळा होतो. काढावयाची तर अवश्य काढावीत, परंतु त्यांच्या जागी दुसरी खूण ठेवून. ग्रंथांच्या संगणकीय प्रतींसाठी विद्वानांनी सिद्ध केलेल्या ‘टीईआय’ या नियमावलीत पृष्ठारंभाची अशी खूण आहे, आणि तिच्यासोबत मूळचा पृष्ठांकही लिहिता येतो.

तो पृष्ठांक लिहिणे हा या सर्व विषयाचा गाभा आहे. फॉर्म फीड मोजले तर इतकेच कळते की हे फाइलीतील एकशे तेविसावे पान आहे; छापील पुस्तकात मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावनेची स्वतंत्र अंकांची पाने, मधली चित्रपृष्ठे ही सर्व धरली म्हणजे तेच पान कदाचित १०७ असते, आणि हवाला देणाऱ्याला १०७ हवे असते. नुसत्या मोजणीवर विसंबू नये. खुणेपाशीच छापील आकडा लिहून ठेवावा, म्हणजे एखादी खूण गळाली तरी पुढच्या बिघडत नाहीत.

दुसरी अडचण वाक्याची. पान बहुधा वाक्याच्या मध्येच संपते. ‘या प्रसंगी त्यांनी जो निर्णय’ एवढ्यावर पान तुटते. खाली दोन ओळींची तळटीप, मग सीमा, मग पुढच्या पानाच्या माथ्यावर छापलेले ग्रंथनाव आणि आकडा, आणि त्यानंतर ‘घेतला तो पुढे’ अशी उर्वरित ओळ. हे सारे जसेच्या तसे ठेवले तर ‘निर्णय घेतला’ हे शब्द शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. सीमा पुसून वाक्य जोडले तर ते कोणत्या पानावरचे हे सांगता येत नाही. यावर उपाय असा की माथ्याचा मजकूर काढावा, तळटीप तिच्या जागी नेऊन ठेवावी, वाक्य अखंड जोडावे, आणि जोडाच्या ठिकाणी पृष्ठांकाची खूण ठेवावी. शोध घेणाऱ्या कार्यक्रमाने ती ओलांडून वाचावे, पत्ता विचारणाऱ्याला ती दाखवावी. हद्दीचा दगड शेतात उभा असतो म्हणून पीक काही दोन ठिकाणी पेरावे लागत नाही. शब्दच दोन पानांत विभागला गेला असेल तर तो पहिल्या पानाच्या पदरात घालावा आणि संयोगरेषा काढून टाकावी. कोणताही एक नियम चालेल, पण तो सबंध ग्रंथभर एकच असावा.

हे करून दाखविलेले आहे, आणि तेही मराठीसाठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत छापली गेली, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संग्रहात शब्द शोधून वाचता येतो, आणि तेथे शब्दापुढे छापील कोशातील पृष्ठांक दिलेला असतो. एखादा अर्थ संशयास्पद वाटला तर वाचक त्या पानाशी स्वतः रुजुवात घालू शकतो. मराठी विकिस्रोतावरील स्वयंसेवक तर पानालाच कामाचा घटक मानतात: पानाचे चित्र एका बाजूला, त्याची अक्षरे दुसऱ्या बाजूला, तपासणीची नोंदही पानागणिक, आणि सर्व पाने जोडून प्रकरण सलग वाचावयास दिले तरी मूळ पृष्ठांक समासात शिल्लक. अनेकांनी मिळून, वेगवेगळ्या गावी बसून, फावल्या वेळात ग्रंथ उतरवावयाचा तर याहून शहाणी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. कारण चूक सापडली तर ती कोणत्या कागदाशी ताडून पाहावयाची हे प्रत्येकाला ठाऊक असते.

आणखी एका वर्गाचा विचार करावयास हवा, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. दृष्टिहीन विद्यार्थी पाठ्यपुस्तक संगणकाच्या वाचेतून ऐकतो किंवा ब्रेलच्या पट्टीवर चाचपून वाचतो. वर्गात शिक्षक सांगतात, ‘पान बेचाळीस उघडा’, आणि बाकीची मुले ते उघडून वाचू लागतात. त्याच्या प्रतीत पाने नसतील तर त्याला शेजाऱ्याला विचारून, दोन शब्द ऐकून, तेवढ्यावरून शोध घ्यावा लागतो, आणि तो जागेवर पोहोचेपर्यंत पाठ पुढे गेलेला असतो. ईपबसारख्या स्वरूपांत छापील पानांची यादी देण्याची तरतूद याच कारणासाठी करण्यात आली. परंतु ती यादी मूळ मजकुरातील खुणांवरून बनते. प्रथम जो साधा मजकूर काढला त्यातच खुणा नसतील तर पुढचा कोणीही कारागीर त्या निर्माण करू शकत नाही, त्याला पुन्हा पुस्तक उघडून पहिल्यापासून बसावे लागते.

म्हणून ग्रंथालये, प्रकाशक, विद्यापीठे आणि घरी बसून जुनी पुस्तके उतरवून काढणारे उत्साही वाचक, या सर्वांना माझी विनंती आहे की रूपांतराच्या पहिल्याच दिवशी एक मूळ नक्कल अशी काढून ठेवावी जीत प्रत्येक पानाच्या आरंभी छापील पृष्ठांकाची खूण आहे, ती खूण मजकुरात अन्यत्र कोठेही न आढळणारी आहे, आणि तिचा अर्थ फाइलीच्या माथ्यावर एका ओळीत लिहिलेला आहे. सलग वाचनासाठी, शोधासाठी किंवा छपाईसाठी हव्या तितक्या प्रती तिच्यावरून काढाव्यात व त्यांतून खुणा खुशाल गाळाव्यात. मूळ नकलेतील मात्र गाळू नयेत.